विंटरबोर्न व्ह्यू: प्रत्येक शिफ्टला नर्स होती

विंटरबोर्न व्ह्यू हे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या हॅम्ब्रूक गावातलं खासगी रुग्णालय. डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालं, खाटा २४. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या आणि सोबत वर्तनाच्या अवघड तक्रारी असलेल्या प्रौढांची तपासणी करायची, उपचार करायचे आणि त्यांना पुन्हा आपल्या गावी, आपल्या माणसांत पाठवायचं, हे त्याचं जाहीर काम. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड आकारले जात आणि ते सरकारी तिजोरीतून येत. कॅसलबेक नावाची कंपनी ते चालवत होती.

२०१० या एका वर्षात या रुग्णालयाने स्वतःच्याच नोंदींत रुग्णाला बळाने धरून ठेवल्याचे ३७९ प्रसंग लिहिले. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत १२९. म्हणजे आधी दिवसाला एकाहून थोडे जास्त, पुढे दोन दिवसांत जवळपास तीन.

मानसिक आरोग्य परिचर्या शिकवताना हे प्रकरण घ्यायचं तर या दोन आकड्यांपासून घ्यावं, असं माझं मत आहे. बहुतेक जण छुप्या कॅमेऱ्याच्या चित्रणापासून सुरुवात करतात. मग वर्गात संताप होतो, ‘अशी माणसं असतातच कशी’ असं म्हणून सगळे हळहळतात आणि ‘आम्ही तसे नाही’ या समाधानात तास संपतो. आकड्यांपासून सुरुवात केली की प्रश्न बदलतो. हे लिहीत कोण होतं? वाचत कोण होतं? वाचून कुणालाच काही कसं वाटलं नाही?

कॅमेऱ्यात जे दिसलं

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तपशील उगाळून हाती काही लागत नाही. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाचा एक पत्रकार २०११ च्या सुरुवातीला तिथे सपोर्ट वर्कर म्हणून नोकरीला लागला आणि पाच आठवडे अंगावर कॅमेरा लपवून राहिला. ३१ मे २०११ रोजी चित्रण प्रसारित झालं. थपडा, केस ओढणं, खुर्चीखाली दाबून ठेवणं, एका तरुण मुलीला कपड्यांसकट शॉवरखाली धरून नंतर बाहेर थंडीत नेणं, जीव द्यावासा वाटतो म्हणणाऱ्या रुग्णाला त्यावरूनच डिवचणं. महिन्याभरात रुग्णालय बंद झालं. अकरा कर्मचाऱ्यांनी मिळून ३८ आरोप कबूल केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिस्टलच्या क्राउन कोर्टाने सहा जणांना तुरुंगात पाठवलं. उरलेल्या पाच जणांच्या शिक्षा स्थगित ठेवल्या.

तुरुंगात गेलेल्या सहांपैकी दोघे नोंदणीकृत नर्स होते. प्रत्येकी सहा महिने. त्यांच्यावरचा मुख्य ठपका हेतुपुरस्सर हेळसांडीचा होता. समोर चाललं होतं, थांबवायचा अधिकार होता, थांबवलं नाही. या लेखाचा विषय ते दोघे आहेत. खरं तर त्यांची जागा आहे.

शिफ्ट कुणाच्या हातात

विंटरबोर्न व्ह्यूमध्ये नर्स नव्हत्या म्हणून हे घडलं, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. प्रत्येक पाळीला नोंदणीकृत नर्स होती. इंग्लंडमध्ये नर्सिंगचं शिक्षण चार शाखांत होतं: प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि बौद्धिक अक्षमता. म्हणजे आपल्याकडच्या जनरल नर्सिंग केलेल्या आणि मनोरुग्णालयात काही आठवड्यांची पोस्टिंग करून आलेल्या मुलीपेक्षा तिथल्या नर्सचं या क्षेत्रातलं शिक्षण कागदावर तरी कितीतरी जास्त. तरीही वॉर्ड चालवत होते सपोर्ट वर्कर.

सपोर्ट वर्कर म्हणजे आपल्याकडचे परिचर, वॉर्डबॉय, आया यांच्या जवळचं पद. व्यावसायिक नोंदणी नाही, ठरलेली शैक्षणिक पात्रता नाही, पगार बेताचा. पण रुग्णासोबत दिवसभर तेच. नर्स औषधं देते, कागद भरते, फोन घेते, डॉक्टरांच्या राउंडला उभी राहते आणि तिचं कार्यालय हळूहळू वॉर्डपासून लांब जातं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, सतत बदलणारी माणसं, आजारपणाच्या रजा. अशा ठिकाणी जो सर्वांत जुना आणि सर्वांत दांडगा, त्याची पद्धत हीच वॉर्डची पद्धत होते. नव्याने आलेली स्टाफ नर्स पहिल्या आठवड्यात त्याच्याकडूनच वॉर्ड शिकते: कोणता रुग्ण ‘नाटकं करतो’, कुणाला ‘आधीच आवळलेला बरा’, कुणाच्या नातेवाइकांना किती बोलू द्यायचं. ज्याने तिला शिकवलं, त्याला तिने महिन्याभराने थांबवायचं असतं. ते होत नाही.

आपल्या कुठल्याही मोठ्या मनोरुग्णालयात काम केलेल्या सिस्टरला हे ओळखीचं वाटेल. ड्युटीच्या तक्त्यावर इन्चार्ज एक असते आणि वॉर्डमध्ये आवाज चालतो दुसऱ्याचा. जुना परिचर चांगला असेल तर वॉर्ड चांगला चालतो, कित्येकदा डॉक्टर-नर्सपेक्षा त्याचाच हात रुग्णाला जास्त आश्वासक वाटतो. हे मी कमी लेखत नाही. मुद्दा इतकाच की तो चांगला निघाला, हे नशीब झालं. नशिबावर चालणाऱ्या वॉर्डला इन्चार्ज आहे असं म्हणता येत नाही.

त्यात विंटरबोर्न व्ह्यूच्या डोक्यावरची खुर्चीही डळमळीत होती. तिथल्या कायद्याने अशा संस्थेला नियामकाकडे नोंदणी केलेला व्यवस्थापक लागतो. तो बराच काळ नव्हता. काम पाहणारं कुणीतरी होतं, पण कायद्याने ज्याला जाब विचारता येईल असं नाव नोंदवहीत नव्हतं. नातेवाइकांना वरच्या मजल्यावर आणि खोल्यांत जाऊ देत नसत, भेट खाली ठरलेल्या जागी. आईने मुलाची खोली कधी पाहिलीच नाही, तर भिंतीवरचा नवा डाग किंवा मोडलेलं कपाट तिच्या डोळ्यांना दिसणार कसं? वॉर्ड असा बंद ठेवायचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो, आणि रोज तो पाळते शिफ्टची नर्स.

काय शिकवलं होतं

या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी मार्गारेट फ्लिन यांनी केली. त्यांचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये आला. शिक्षकाच्या नजरेने वाचलं तर त्यातली सर्वांत बोचरी बाब ही की तिथे प्रशिक्षण अजिबात नव्हतं असं नाही. होतं, पण त्याचा भर रुग्णाला आवरण्यावर होता. कुठून धरायचं, किती जणांनी धरायचं, खाली कसं घ्यायचं. उताणं पाडून, हात पसरून, अंगावर वजन टाकून दाबून धरण्याची जी पद्धत तिथे वापरली जात होती, तिच्यावर बंदी घालण्याचा विचार व्हावा असं फ्लिन यांनी सुचवलं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माणसाला जे शिकवतात, त्यातून त्याला नोकरी कळते. धरायला शिकवलं, तर रुग्ण म्हणजे धरायची गोष्ट. एखादा मुलगा जेवणाच्या टेबलावरून उठून वारंवार दाराशी जातो, याचा अर्थ त्याला आवाज सहन होत नाही, लघवीला जायचंय, की आज आई येणार असं कुणीतरी त्याला सांगून विसरून गेलंय, हे शोधायला वेगळं शिक्षण लागतं. परिचर्येच्या अमेरिकी अभ्यासक हिल्डेगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्येच मांडलं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे. आपल्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या वहीत पेपलाऊ असतात, नात्याचे टप्पे तोंडपाठ असतात. विंटरबोर्न व्ह्यूमधल्या नर्सनीही ते कधीतरी परीक्षेत लिहिलेच असतील. पण पेपलाऊंच्या मांडणीत नर्स आणि रुग्ण अशी दोनच माणसं आहेत. वॉर्डात तिसरा असतो, तो सपोर्ट वर्कर, आणि रुग्णाचं खरं नातं दिवसभर त्याच्याशी असतं. त्या नात्याची जबाबदारी घ्यायची म्हणजे नर्सने नेमकं काय करायचं, हे पुस्तकात फारसं येत नाही.

मानसिक आरोग्य परिचर्येत नेतृत्व वेगळं शिकवायला हवं ते याचसाठी. सर्जिकल वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर ड्रेसिंग बरोबर झालं की नाही हे जखम पाहून सांगू शकते. इथे उपचार म्हणजे माणसांचं बोलणं-वागणं, आणि ते बहुतांशी ती स्वतः करत नाही. तिच्या हाताखालचे करतात, तिच्या पाठीमागे. त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकणं आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त करणं हेच तिचं कौशल्य ठरतं. ‘असं नको बोलूस त्यांच्याशी’ हे वाक्य वयाने वीस वर्षं मोठ्या माणसाला, सगळ्यांसमोर, त्याचा अपमान न करता आणि आपला आवाज न कापता म्हणायचं. याचा सराव आपण कुठल्या प्रॅक्टिकलला घेतो?

टेरी ब्रायन यांचा ईमेल

एका नर्सने बोलून दाखवलं होतं. टेरी ब्रायन हे तिथे वरिष्ठ नर्स म्हणून आले. जे दिसलं ते त्यांना सहन झालं नाही. ११ ऑक्टोबर २०१० रोजी त्यांनी व्यवस्थापकाला ईमेल लिहून आपल्या तक्रारी सविस्तर मांडल्या. ईमेल दाबून टाकला गेला नाही, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटतं. तो पुढे पाठवला गेला, कंपनीकडे आणि साउथ ग्लॉस्टरशायरच्या स्थानिक परिषदेकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे. परिषदेने तो केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजे आरोग्य आणि देखभाल सेवांच्या राष्ट्रीय नियामकाकडे पाठवला. प्रत्येकाने पुढच्याला कळवलं आणि प्रत्येकाची अशी समजूत झाली की आता तो पाहील. ब्रायन यांनी नियामकाशी पुन्हा स्वतःहून संपर्क साधला. तरी त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि शेवटी बीबीसीकडे गेले. ईमेल आणि प्रसारण यांच्यामध्ये सात महिन्यांहून जास्त काळ गेला. २०११ च्या पहिल्या तिमाहीतले ते १२९ प्रसंग याच काळातले.

ब्रिटनमध्ये जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा १९९८ पासून आहे. नर्सिंग परिषदेच्या आचारसंहितेतही तेव्हा स्पष्ट होतं की रुग्णाला धोका दिसला तर नर्सने विनाविलंब कळवलं पाहिजे. ब्रायन यांनी कळवलं. म्हणजे नियमानुसार त्यांचं कर्तव्य ११ ऑक्टोबरलाच पूर्ण झालं, आणि रुग्णांच्या अंगावर त्याने काडीचाही फरक पडला नाही.

आपल्या पुस्तकांतलं ‘रिपोर्टिंग’ हे प्रकरण नेमकं इथेच संपतं. ‘वरिष्ठांना कळवावे.’ पूर्णविराम. कळवल्यावर आठ दिवस काहीच झालं नाही तर काय? वरिष्ठ म्हणाल्या ‘बघते’ आणि विषय तिथेच राहिला तर काय? तक्रार कळवणं ही कृती एकदाची नसते. ती तारखा लावून चालवावी लागते. तक्रारीत ‘स्टाफ रुग्णांशी नीट वागत नाही’ असं लिहिलं तर कार्यालय तिला कामगिरीचा विषय मानतं आणि एखादं प्रशिक्षण लावून मोकळं होतं. ‘अमुक तारखेला सायंकाळी साडेसातच्या सुमारास डायनिंग हॉलमध्ये अमुकने रुग्णाचा दंड पिरगाळला, त्या वेळी मी आणि अमुक हजर होतो, रुग्णाच्या दंडावर वळ आहेत, नोंद फाईलमध्ये केली आहे, रुग्ण अजून त्याच वॉर्डात आहे आणि तो कर्मचारी उद्या पुन्हा ड्युटीवर आहे’ असं लिहिलं तर उत्तर टाळणं अवघड होतं. शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. तो वाचणाऱ्यावर उद्याची जबाबदारी टाकतो.

माझ्या मते ही लेखनाची बाब आहे आणि नर्सिंग कॉलेजात ती इंजेक्शन द्यायला शिकवावी तितक्याच काटेकोरपणे शिकवता येते.

वेगवेगळ्या कपाटांतले कागद

फ्लिन यांनी आणखी एक काम केलं. वेगवेगळ्या यंत्रणांकडच्या नोंदी एका टेबलावर आणल्या. ऑक्टोबर २००७ ते एप्रिल २०११ या काळात स्थानिक परिषदेकडे रुग्णांच्या सुरक्षिततेबद्दल ४० सूचना आल्या होत्या. त्यांपैकी २७ कर्मचाऱ्यांनी रुग्णाला मारल्याच्या आरोपांच्या. पोलिसांकडे वेगळ्या नोंदी. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात विंटरबोर्न व्ह्यूचे रुग्ण ७० हून अधिक वेळा गेले होते. परिषदेने प्रत्येक सूचना सुटी हाताळली, पोलिसांनीही तसंच, आणि अपघात विभागातल्या नर्सने समोरची जखम बांधली. प्रत्येकाच्या कपाटात एक-एक तुकडा होता.

बाहेरच्या यंत्रणांना दोष देताना एक गोष्ट विसरू नये. ही सगळी माहिती एकाच जागी, एकाच वेळी ज्याच्या डोळ्यांसमोर होती, असा माणूस आत होता: शिफ्टची नर्स. रुग्णाला धरल्याची नोंद तिच्या वहीत, अपघात विभागात पाठवल्याचं पत्र तिच्या हातचं, पोलीस आले तेव्हा दार उघडणारी ती, आईचा रडवेला फोन घेणारीही ती. महिन्याच्या शेवटी वीस मिनिटं काढून ही वही चाळली असती आणि कुठल्या वेळेला, कुठल्या जागी, कुणाच्या पाळीत धराधरी जास्त होते एवढं मोजलं असतं, तर वॉर्डचा नकाशा उघडा पडला असता.

रिस्ट्रेन्टचं, म्हणजे रुग्णाला धरल्या-बांधल्याच्या नोंदींचं, रजिस्टर आपल्याकडेही असतं, आणि ते बहुधा तपासणीसाठी भरलं जातं. त्यात वेळ, कारण आणि सही असते. कारणाच्या रकान्यात ‘आक्रमक’ हा एकच शब्द ओळीने खाली खाली येत जातो. त्या रकान्याऐवजी ‘त्याआधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं’ असा रकाना केला तर काय काय लिहावं लागेल, हे विद्यार्थ्यांना एकदा प्रत्यक्ष भरायला द्यावं. टीव्ही बंद केला. अंघोळीला रांगेत उभं केलं. सुट्टीचा अर्ज नामंजूर झाल्याचं जाता जाता सांगितलं. ‘आक्रमक’ हे रुग्णाचं विशेषण होतं, बघता बघता ते वॉर्डच्या वेळापत्रकाचं होऊन बसतं.

त्यानंतर

सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मिंग केअर’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. अशा संस्थांत विनाकारण ठेवलेल्या सगळ्यांना जून २०१४ पर्यंत आपापल्या वस्तीत हलवायचं. मुदत उलटली, माणसं आतच राहिली. आजही इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली दोन हजारांच्या आसपास माणसं अशा रुग्णालयांत आहेत. नियामकाने देशभरातल्या १५० सेवांची तपासणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या ठिकाणी किमान निकष पाळले जात नव्हते. २०१५ मध्ये कुठल्याही क्षेत्रातल्या देखभाल कर्मचाऱ्याने छळ किंवा हेतुपुरस्सर हेळसांड केल्यास तो स्वतंत्र गुन्हा ठरला. मनोरुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा २०१८ मध्ये झाला. त्यामागे ओलासेनी लुईस या तरुणाचा २०१० मध्ये लंडनमध्ये पोलिसांनी दाबून धरल्यानंतर झालेला मृत्यू होता. त्या कायद्याने प्रत्येक संस्थेला या विषयाची एक जबाबदार व्यक्ती नेमणं, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं आणि नोंदी ठेवणं बंधनकारक केलं.

कायद्यांपेक्षा मला वॉर्डपातळीवरचं एक काम जास्त मोलाचं वाटतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले लेन बॉवर्स स्वतः मानसिक आरोग्य नर्स. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत बांधली. दहा साधे उपाय, सगळे नर्सच्या हातातले. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्डातले संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि धरणं-कोंडणं-जबरीचं औषध असे आवरण्याचे प्रकार सुमारे २६ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास तीव्र मानसिक आजारांच्या वॉर्डांतला आहे, बौद्धिक अक्षमतेच्या संस्थांतला नाही, हे ध्यानात ठेवून घ्यावा.

त्यातला एक उपाय सांगतो. पाळी बदलताना पुढच्या पाळीला हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देताना प्रत्येक रुग्णाबद्दल काहीतरी चांगलं सांगायचंच. आणि वाईट वागणूक सांगायची असेल तर ती का झाली असावी, याचा अंदाजही सांगायचा. ऐकायला पोरकट वाटतं. पण हँडओव्हर हीच ती जागा आहे जिथे एका पाळीचं मत दुसऱ्या पाळीला चिकटतं. ‘सात नंबरने आज फार त्रास दिला’ हे ऐकून जो परिचर वॉर्डात शिरतो, तो सात नंबरकडे आधीच आवळलेल्या मुठीने जातो. ‘सात नंबरचा भाऊ आज येणार होता, आला नाही, दुपारपासून अस्वस्थ आहे, पण संध्याकाळी त्याने भाजी निवडायला मदत केली’ हे ऐकून तोच माणूस वेगळा जातो. हँडओव्हर नर्स देते. हे अधिकार तिच्याकडून कुणी काढून घेतलेले नाहीत. याला परवानगी लागत नाही, बजेट लागत नाही. लागतो तो फक्त बोलण्याचा आणि ऐकण्याचा निग्रह, रोज तीन वेळा.

आपल्या वर्गात हे प्रकरण

भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या सत्रपद्धतीच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य परिचर्येचा पहिला भाग पाचव्या सत्रात आणि दुसरा सहाव्यात आहे. व्यवस्थापन आणि नेतृत्व हा विषयही सहाव्याच सत्रात. भारतीय कायद्यांची ओळख पाचव्यात. म्हणजे तिन्ही धागे एका वर्षात, एकाच मुलीच्या दप्तरात आहेत. पण शिकवणारे वेगळे, वह्या वेगळ्या, परीक्षा वेगळ्या. नेतृत्वाच्या पेपरात ड्युटी तक्ता, साठा नोंदवही, नेतृत्वशैलींचे प्रकार येतात आणि उदाहरण बहुतेक वेळा जनरल वॉर्डचं असतं. मनोरुग्ण विभागाच्या पोस्टिंगमध्ये मुलाखत, केस स्टडी, प्रोसेस रेकॉर्डिंग (रुग्णाशी झालेल्या संवादाची नोंद). ‘या वॉर्डची इन्चार्ज तू आहेस’ असा प्रसंग तिथे क्वचितच दिला जातो.

विंटरबोर्न व्ह्यू हे दोन्ही विषयांचं सामाईक प्रकरण म्हणून घ्यावं, आणि सोबत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम ९७ उघडून ठेवावं. हे कलम बारकाईने वाचण्याजोगं आहे. एकांतवासाला मनाई. बांधून किंवा धरून ठेवणं फक्त तेव्हाच, जेव्हा रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळायचा दुसरा कोणताही मार्ग नाही, आणि तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने. गरजेपेक्षा क्षणभरही जास्त नाही. शिक्षा किंवा जरब म्हणून नाही. पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद लगेच. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, प्रत्येक प्रसंग २४ तासांत कळवायचा, आणि दर महिन्याच्या अहवालात सगळे प्रसंग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढे ठेवायचे. साखळदंडाने बांधण्याला तर कलम ९५ ने सरसकट बंदी आहे.

यातलं एक वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवावं म्हणतो: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही. ज्यांनी रात्रपाळीला साठ-सत्तर रुग्णांमागे एक सिस्टर आणि दोन परिचर पाहिले आहेत, त्यांना हे वाक्य वाचून हसू येतं. हसू द्यावं, आणि मग विचारावं की कर्मचारी कमी होते म्हणून बांधलं, हे खरं कारण रजिस्टरमध्ये लिहायची तुमची तयारी आहे का? कारण ते लिहिलं तर कायद्याचा भंग कबूल होतो, आणि नाही लिहिलं तर ‘आक्रमक’ लिहावं लागतं. दोन्हींपैकी काहीही केलं तरी नर्सच अडकते. सुटायचा रस्ता एकच: कमतरता आधीच, त्या रात्रीच्या सुरुवातीलाच, लेखी कळवणं. साडेआठच्या राउंडला अधिसेविकांकडे गेलेली दोन ओळींची चिठ्ठी आणि तिच्यावरची पोच. ही चिठ्ठी लिहायची विद्यार्थिनींना भीती वाटते. ‘नवीन आहे आणि कागदं रंगवते’ असा शिक्का बसेल, नाइट ड्युट्या वाढतील. भीती खोटी नाही, आणि ‘धीट व्हा’ म्हणून ती जात नाही. दोघींनी सही केली तर निम्मी होते. ट्यूटर आणि इन्चार्ज सिस्टर यांनी पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी मुलींसमोर एकत्र बसून ‘अशी चिठ्ठी आली तर आम्ही ती अशी घेऊ’ असं सांगितलं, तर आणखी कमी होते. नेतृत्वाचा पहिला धडा विद्यार्थिनींनी द्यायचा नसतो, तो त्यांना द्यायचा असतो.

ब्रायन यांच्या ईमेलचा भाग आला की गटांना कामाला लावावं. तुमच्या पोस्टिंगच्या वॉर्डात तुम्हाला असं काही दिसलं. पहिली तक्रार इन्चार्ज सिस्टरकडे गेली, उत्तर नाही. आता तारखेनुसार पुढची पानं लिहा. बहुतेक गट अधिसेविका, वैद्यकीय अधीक्षक इथवर येऊन थांबतात. मग कायदा पुन्हा उघडायला सांगावा. रुग्णाला किंवा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सेवेतल्या त्रुटींबद्दल तक्रार करण्याचा हक्क कलम २८ मध्ये आहे: आधी संस्थेच्या प्रभारींकडे, मग मंडळाकडे, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. म्हणजे हा रस्ता रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगणं हे नर्सचं काम झालं. आणि कलम ६८ म्हणतं की किमान निकष पाळले जात नसल्याबद्दल कोणत्याही व्यक्तीने तक्रार केली, तर प्राधिकरण तपासणी आणि चौकशीचा आदेश देऊ शकतं. कोणत्याही व्यक्तीत स्टाफ नर्स येते, विद्यार्थिनीही येते. हे वाचल्यावर वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही आणि मग हमखास कुणीतरी विचारतं, ‘पण सर, नाव गुप्त राहील का?’ प्रश्न बरोबर आहे. भारतात जागल्यांसाठीचा २०१४ चा कायदा संमत झाला, पण अंमलात आलेला नाही, आणि त्याचा रोख भ्रष्टाचार आणि सरकारी अधिकाराच्या गैरवापरावर आहे. वॉर्डातल्या मारहाणीबद्दल बोलणाऱ्या नर्सला तो कितपत उपयोगी पडला असता, हे मुलींनी स्वतः वाचून ठरवावं. शिक्षकाने इथे खोटा धीर देऊ नये.

वेळ उरला तर पुढच्या तासाला दुसरी फाईल काढावी. काउंटी डरहममधलं व्होर्ल्टन हॉल, याच प्रकारच्या रुग्णांसाठीचं रुग्णालय. २२ मे २०१९ रोजी त्याच ‘पॅनोरमा’ने, पुन्हा छुपा कॅमेरा लावून, तिथला छळ दाखवला. त्या दिवशी नियामकाच्या यादीत व्होर्ल्टन हॉलची श्रेणी ‘चांगली’ होती. २०१५ मध्येच नियामकाच्या एका निरीक्षकाने तिथल्या त्रुटी नोंदवणारा अहवाल लिहिला होता. तो प्रसिद्ध झाला नाही, आणि प्रसिद्ध न करणं चुकीचं होतं असं नंतरच्या स्वतंत्र परीक्षणाने म्हटलं. या निरीक्षकाने आणि टेरी ब्रायन यांनी काय सारखं केलं आणि दोघांच्या कागदाचं पुढे काय झालं, हे विद्यार्थ्यांनी समोरासमोर दोन रकान्यांत मांडावं, आणि तिसऱ्या रकान्यात त्या-त्या तारखेला वॉर्डात ड्युटीवर असलेल्या नर्सला काय माहीत असणार, तेही लिहावं.